मालवाहू गाडीला चाके कोणती घ्यावीत : पोलादी की अ‍ॅल्युमिनियमची?

अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव (ता. नेवासे) हे गाव कांद्याच्या लिलावासाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. नेवासे तालुक्यात मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर ऊस होतो, रांगडा व उन्हाळी कांदा होतो आणि घरोघरी दुभती जनावरे आहेत. हा सगळा माल हलवायचा म्हणजे गाडी हवीच. त्यामुळे या भागातील अनेक शेतकऱ्यांनी स्वतःची पिकअप घेतली आहे, तर काहींनी भावाभावांत मिळून सहाचाकी किंवा दहाचाकी ट्रक घेतला आहे.

अशी गाडी घेताना किंवा जुनी चाके बदलताना अलीकडे एक प्रश्न हमखास पुढे येतो. नेहमीची लोखंडी, म्हणजेच पोलादी डिस्क घ्यावी की चकचकीत, हलकी अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी? विक्रेता सांगतो की हलक्या चाकाने डिझेल वाचते, माल जास्त बसतो आणि चाक गंजत नाही. यातले खरे किती आणि आपल्या उपयोगाचे किती, हे हिशेब मांडून पाहिल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. या लेखात तो हिशेब कसा करावा आणि चाक कोणतेही असले तरी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती दिली आहे.

दोन्ही चाकांतील मूळ फरक

पोलादाचे वजन त्याच आकाराच्या पाण्याच्या साधारण ७.८ पट, तर अ‍ॅल्युमिनियमचे २.७ पट असते. याचा अर्थ अ‍ॅल्युमिनियमचे चाक एकतृतीयांश वजनाचे होते असा मात्र नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असल्याने तेवढाच भार पेलण्यासाठी चाक जाड करावे लागते. ट्रकच्या साडेबावीस इंची ट्यूबलेस टायरची पोलादी डिस्क साधारण ३५ ते ४० किलोची असते. त्याच मापाचे घडीव अ‍ॅल्युमिनियमचे चाक साधारण २० ते २५ किलो भरते. म्हणजे एका चाकामागे सुमारे १५ किलो वजन वाचते.

अ‍ॅल्युमिनियमची चाके दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार घडीव. यात मिश्रधातूचा तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाखाली दाबून चाक बनवतात. अशी चाके ट्रकसाठी अमेरिकेत १९४८ साली प्रथम तयार झाली. त्यासाठी बहुधा मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळलेला ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. दुसरा प्रकार ओतीव. यात वितळलेला धातू साच्यात ओततात. मोटारींना लागणारी बहुतेक ‘अलॉय’ चाके या प्रकारची असतात. दोन्ही बाहेरून सारखीच चमकतात, पण जड मालाच्या दृष्टीने दोहोंत मोठा फरक आहे, हे ध्यानात ठेवावे.

वजन वाचल्याचा फायदा कोणाला?

सहाचाकी ट्रकची सहा चाके व एक स्टेपनी मिळून सात चाके होतात. प्रत्येकी १५ किलोप्रमाणे १०५ किलो वजन वाचते. दहाचाकी ट्रकला स्टेपनीसह अकरा चाकांमागे १६५ किलो वाचते. हे वजन दोनपैकी एकाच रीतीने कामी येते. एकतर तेवढा माल जास्त भरावा, नाहीतर तेवढ्याच मालावर गाडी हलकी चालवून थोडे डिझेल वाचवावे. एकाच खेपेत दोन्ही फायदे मिळत नाहीत.

प्रथम डिझेलचे पाहू. १६ जुलै २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दोन आसांच्या सहाचाकी ट्रकचे गाडीसह एकूण कमाल वजन १८.५ टन ठरवले आहे. आपल्या गाडीची नोंदणी किती वजनाची आहे ते नोंदणी पुस्तकातच पाहावे. १८.५ टनांत १०५ किलो म्हणजे शंभराला अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. डिझेलचा काही भाग हवेचा अडथळा कापण्यात जातो, त्यावर वजनाचा परिणाम होत नाही. त्यामुळे भरलेल्या गाडीवरील डिझेलची बचत अर्ध्या टक्क्याच्याही आतच राहते. टायरमध्ये हवा कमी असेल तर याहून अधिक डिझेल वाया जाते.

आता जादा मालाचे पाहू. १०५ किलो म्हणजे ५० किलोच्या दोन गोण्या कांदा. पुढील उदाहरणातील रक्कम केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरली आहे. आपण आपल्या गावच्या दुकानातील प्रत्यक्ष भाव घालावेत.

१) समजा, पोलादी व अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाच्या किमतीतील फरक एका चाकामागे १५,००० रुपये आहे. सात चाकांचा फरक १,०५,००० रुपये झाला.

२) समजा, लांब पल्ल्याचे कांद्याचे भाडे किलोला २ रुपये मिळते. १०५ किलोचे एका खेपेमागे २१० रुपये जादा मिळाले.

३) १,०५,००० ला २१० ने भागले असता ५०० येतात. म्हणजे पूर्ण वजनाने भरलेल्या ५०० खेपा झाल्यावर फरकाची रक्कम वसूल होईल.

४) वर्षभर धंद्यात असलेली गाडी महिन्याला अशा ८ खेपा करत असेल तर वर्षाच्या ९६ होतात. रक्कम वसूल व्हायला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल.

५) फक्त कांद्याच्या हंगामात वर्षाला ४० खेपा करणाऱ्या गाडीला साडेबारा वर्षे लागतील.

जवळच्या तर याहून जास्त खेपा लागतात. किलोला ६० पैसे भाडे धरले तर १०५ किलोचे ६३ रुपये होतात. वर्षात ३०० खेपा केल्या तरी रक्कम सुटायला साडेपाच वर्षे जातात. त्यातही प्रत्येक खेप पूर्ण वजनाने भरली पाहिजे. कडबा, भुस्सा, रिकामे क्रेट, भाजीपाला अशा मालाने गाडी वजनाआधी जागेने भरते. तेथे चाके हलकी असण्याचा मालासाठी काहीच उपयोग नाही.

जो ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरतो त्याने तर हा विचारच सोडून द्यावा. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. एका टनाच्या जादा भाराचा एकच दंड वरील उदाहरणातील शंभराहून अधिक खेपांचा फायदा घेऊन जातो.

बैलगाडीची लाकडी चाके जाऊन डनलॉप टायरची गाडी आली तेव्हा तीच बैलजोडी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त ओझे ओढू लागली. तो फायदा पहिल्याच दिवशी दिसत होता. पोलादी चाकाकडून अ‍ॅल्युमिनियमकडे जाण्याचा फायदा तसा नाही. तो थोडाथोडा, खेपेखेपेला साचणारा आहे. ज्याच्या खेपा जास्त त्यालाच तो दिसतो.

पिकअपची गोष्ट वेगळी

एक-दीड टन पासिंगच्या पिकअपच्या चाकात दोन्ही प्रकारांतील फरक जेमतेम दोन-तीन किलोचा असतो. पाच चाकांचे मिळून कांद्याची अर्धी गोणीही भरत नाही. म्हणजे फायदा नाहीच, शिवाय धोका आहे. बाजारात दिखाव्यासाठी मिळणारी ओतीव अलॉय चाके मोटारीच्या भारासाठी केलेली असतात. मोटारीत चार-पाच माणसे बसतात. पिकअपच्या मागच्या आसावर एक टनाहून अधिक कांदा किंवा दोन म्हशी उभ्या असतात. म्हैस गाडीत पाय बदलते, वळणावर एका बाजूला रेलते, तेव्हा एकाच चाकावर एकदम भार येतो. असे चाक खड्ड्यात आदळून तडकले तर गाडी उलटते आणि मागे बसलेले माणूस व जनावर दोघांच्या जिवावर बेतते.

म्हणून पिकअपला कंपनीने दिलेली पोलादी डिस्कच ठेवावी. बदलायची झाल्यास त्याच मापाची, त्याच भारक्षमतेची घ्यावी. घरातील तरुणांनी चमकदार चाकांचा आग्रह धरला तर त्यांना चाकावर कोरलेला भाराचा आकडा दाखवायला सांगावे. आकडा नसेल तर ते चाक मालवाहू गाडीसाठी नाही असे समजावे.

चिखल, गंज आणि सोडा

पोलाद गंजते हे खरे आहे. उसाच्या फडातला चिखल, जनावरांचे शेण-मूत्र, सांडलेले ओले खत यामुळे डिस्कचा रंग उडतो आणि गंज धरतो. ट्यूबलेस टायर जिथे रिमवर बसतो तिथे गंज धरला तर हवा हळूहळू कमी होत जाते. मात्र टायर काढल्यावर तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक रंग लावला की ही अडचण दूर होते. खर्चही फार नाही.

अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, पण ते झिजत नाही असे समजू नये. घरातील अ‍ॅल्युमिनियमचे पातेले सोड्याने धुतले तर काळे पडते, हे घरच्या बायकांना चांगले माहीत आहे. दुधाचे टँकर व कॅन धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. तो अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातो. धुण्याचे ते पाणी चाकांवर जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमची चाके घेऊ नयेत, किंवा लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवावीत. मोरचूद व बोर्डो मिश्रण जसे लोखंडी भांड्यात ठेवत नाहीत, तसेच ते अ‍ॅल्युमिनियमलाही चालत नाही. फवारणीचा पंप व पिंप ने-आण करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणखी एक बाब म्हणजे हब लोखंडाचा आणि चाक अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर दोहोंमध्ये ओलावा राहून अ‍ॅल्युमिनियमची बाजू झिजते व चाक हबला चिकटून बसते. म्हणून चाक काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे करूनच बसवावे.

खड्डे, घाट आणि उष्णता

शेतरस्त्यावरील दगड आणि ओढ्यातील वाट यांवर पोलादी चाकाची कड वाकते, पण सहसा एकदम तुटत नाही. वाकलेली कड डोळ्यांना दिसते आणि चालकाला सावध व्हायला वेळ मिळतो. घडीव अ‍ॅल्युमिनियमचे चाकही मजबूत असते. परंतु त्याला इजा झाल्यास ते खेड्यातील दुकानात दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते. ऊस वाहणाऱ्या गाडीला फडात उतरावे लागते. अशा गाडीला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पोलादी चाकेच योग्य आहेत.

अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता पोलादाच्या तिपटीने लवकर वाहते. त्यावरून या चाकामुळे ब्रेक तापत नाहीत असे सांगितले जाते. पण ड्रम थंड होतो तो मुख्यतः वाहत्या हवेने आणि चालकाच्या शहाणपणाने. माळशेज घाटातून कल्याणकडे भरलेली गाडी उतरवताना खालचा गिअर ठेवणे हाच ब्रेक वाचवण्याचा खरा उपाय आहे. चाक कोणतेही असले तरी हा नियम बदलत नाही.

उलट अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत जास्त जपावे. हा धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याचा कणखरपणा त्याच्या कितीतरी आधीच कमी होतो. टायर जळाला असेल, ब्रेक चिकटून चाक फार तापले असेल किंवा चाकाचा रंग बदलला असेल तर ते चाक पुन्हा वापरू नये. बाहेरून धड दिसले तरी ते कमकुवत झालेले असते.

जुन्या ट्रकला अ‍ॅल्युमिनियम बसते का?

जुन्या ट्रकना वीस इंची ट्यूबचे टायर व लॉक रिंगची डिस्क असते. अ‍ॅल्युमिनियमची ट्रकची चाके ट्यूबलेस टायरसाठी एकसंध बनवलेली असतात. त्यामुळे जुन्या गाडीला ती बसवायची तर टायरही बदलावे लागतात आणि खर्च दुपटीने वाढतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचे चाक मध्यभागी बरेच जाड असते. मागे तर अशी दोन चाके एकावर एक बसतात. पोलादी डिस्कसाठी बसवलेले बोल्ट त्यांना आखूड पडतात आणि नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. अशी गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे चाक निखळण्याला आमंत्रण देणे होय. त्यासाठी लांब बोल्ट व योग्य नट कंपनीच्या शिफारशीनुसारच बसवावेत. स्टेपनीही त्याच जातीची ठेवावी. लांब बोल्टावर पातळ पोलादी चाक चढवून बंद टोपीचा नट आवळला तर नट बोल्टाच्या टोकाला टेकतो. तो घट्ट वाटतो, पण चाक सैलच राहते.

चाक कोणतेही असो, नटाकडे लक्ष द्या

चाक निखळते ते बहुधा धातूच्या दोषाने नव्हे, तर नट सैल राहिल्याने. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) हब, डिस्क व नट बसतो ती जागा यांवर माती, गंज किंवा रंगाचा जाड थर नसावा. रंग दबला की तेवढाच नट सैल होतो. डिस्क रंगवताना नटाच्या जागा झाकून घ्याव्यात.

२) नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत. ओळीने आवळल्यास चाक तिरपे बसते.

३) टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापाइतकेच आवळावे. एक मीटर पाइपच्या टोकावर ६० किलोचा माणूस उभा राहिला तर सुमारे ५९० न्यूटन-मीटर जोर लागतो. ट्रकच्या मोठ्या नटाला तो कदाचित मापाच्या जवळपास असेल, पण पिकअपच्या लहान नटाचा बोल्ट तेवढ्या जोराने ताणून निकामी होतो.

४) चाक बसवल्यावर ८० ते १५० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत. पंक्चर काढून घोडेगावहून भरलेली गाडी निघाली तर पुण्याच्या अलीकडे एकदा थांबून पाना लावावा.

५) नटाभोवती तांबड्या गंजाचे ओघळ किंवा घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसल्यास नट सैल आहे असे समजावे. भोक लांबट झाले असेल तर डिस्क बाद करावी.

६) तडा गेलेली डिस्क वेल्डिंग करून वापरू नये, मग ती पोलादी असो वा अ‍ॅल्युमिनियमची. टायर चढवलेल्या रिमला तर वेल्डिंग किंवा गॅसची आच कधीही लावू नये. आतील हवा व रबर तापून टायर बॉम्बसारखा फुटतो.

७) लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना रिंग उडून माणूस दगावू शकतो. हवा लोखंडी पिंजऱ्यात भरावी व समोर उभे राहू नये. चाक उतरवताना नट सैल करण्यापूर्वी जोडचाकांतील दोन्ही टायरची हवा काढावी.

खरेदी करताना

चाकाच्या रिमसाठी भारतीय मानक आय.एस. १६१९२ आहे. त्यानुसार चिन्हांकित केलेले चाक व पक्के बिल घ्यावे. चाकावरील माप, भारक्षमता व उत्पादनाची तारीख वाचावी. गाडीच्या कंपनीने ठरवलेले माप बदलू नये, अन्यथा पासिंग व विम्याच्या वेळी अडचण येते. जुने चाक घेताना टायर काढून आतली बाजू पाहावी. बोल्टांच्या व हवेशीरपणासाठी ठेवलेल्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का ते पाहावे. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाची कड टायरच्या घर्षणाने झिजून धारदार होते व टायर कापते. तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. शेवटी चाक गाडीला लावून जॅकवर फिरवावे. डगमगत असेल तर घेऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. त्याला भंगारातही पोलादापेक्षा किलोला बराच जास्त भाव मिळतो, त्यामुळे शेवटी काही रक्कम परत येते. मात्र त्याच कारणाने अशा चाकांची चोरीही होते. रात्री मुक्कामी थांबताना जागा पाहून थांबावे.

सारांश

पिकअप, उसाची गाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि हंगामापुरता चालणारा ट्रक यांना पोलादी डिस्क घ्यावी. वर्षभर लांब पल्ल्यावर पक्क्या रस्त्याने पूर्ण वजनाचा माल नेणाऱ्या आणि ट्यूबलेस टायरच्या ट्रकला घडीव अ‍ॅल्युमिनियमची चाके परवडू शकतात. तेथेही वर दिलेला हिशेब स्वतःच्या खेपा व भाडे घालून करावा आणि चार-पाच वर्षांत रक्कम सुटत असेल तरच पुढे जावे. वाचलेल्या पैशातून चांगले टायर, एक टॉर्क पाना आणि हवा मोजण्याचे मीटर घ्यावे. कांद्याच्या भावावर आपला ताबा नाही, पण गाडीच्या नटावर आहे. दर खेपेला निघण्यापूर्वी पाच मिनिटे चाकांभोवती फिरून पाहिल्यास माल, गाडी आणि गाडीतील माणसे सुखरूप घरी येतील.